१२३४५६७८९ चे अवयव हाताने कसे पाडायचे

कॅल्क्युलेटरवर सगळेच टाइप करतात तो आकडा, १२ कोटी ३४ लाख ५६ हजार ७८९. त्याच्या पोटात काय आहे ते कागद-पेनने काढता येतं, आणि काढावंच, कारण यात एक जागा फार सुंदर आहे.

आधी सोपं उरकून घ्या. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जाणार, भागाकार १३७१७४२१. याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ चा विषय संपला. ७, ११, १३ साठी वेगवेगळं भागत बसू नका, मूळ संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि ७८९ - ४५६ + १२३ करा, ४५६ येतात, त्याला तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही म्हणजे मूळ संख्येलाही जात नाही.

आता इथून पुढे १७, १९, २३ असं एकेक करत गेलात तर जवळपास पाचशे मूळ संख्या तपासाव्या लागतील, कोण करणार? म्हणून १७व्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत वापरायची. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत बसवायची, बस्स, मग अ² - ब² = (अ + ब)(अ - ब) हे आठवीतलं सूत्र बाकीचं करतं. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ च्या थोडं पुढे, म्हणून ३७०४ पासून सुरुवात. ३७०४ चा वर्ग १३७१९६१६, त्यातून आपली संख्या वजा केली की २१९५, हा पूर्ण वर्ग नाही. ३७०५ घ्या, वर्ग १३७२७०२५, वजाबाकी ९६०४, आणि हा चक्क ९८ चा वर्ग! दुसऱ्याच पायरीला काम फत्ते. ३७०५ - ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

हे दोन्ही मूळ आहेत का ते बघायला ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, एकाचाही भाग जात नाही. म्हणजे १२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३.

एवढं हातात आलं की बाकीचं पटापट निघतं. घातांकांत १ मिळवून गुणा, ३ × २ × २ = १२ विभाजक. त्यांची बेरीज १३ × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६, संख्येच्या दुपटीपेक्षा बरीच कमी, म्हणजे ही परिपूर्ण संख्या नाही (तिथे बेरीज बरोब्बर दुप्पट यायला हवी). आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांची हर्षद संख्याही नाही, कारण त्यासाठी अंकांच्या बेरजेने, म्हणजे ४५ ने, भाग जायला हवा आणि शेवटी ९ असल्यामुळे ५ चाच भाग जात नाही.

एक लक्षात ठेवा, फर्माची रीत अवयव जवळजवळ असले तरच पळते, म्हणूनच आरएसए कुलुपासाठी, म्हणजे इंटरनेटवरचे संदेश गुप्त ठेवणाऱ्या सांकेतिक पद्धतीसाठी, दोन मूळ संख्या निवडताना त्या एकमेकींच्या फार जवळच्या घेत नाहीत. उलटी संख्या ९८७६५४३२१ पण करून बघा, तिथे ३² आणि १७² साध्या भागाकारानेच सुटतात आणि उरलेली ३७९७२१ मूळच आहे, त्यामुळे फर्माची गरजच पडत नाही.