श्रद्धा बसत नाही म्हणताय? आधी एक छोटा नेम धरून बघा

देवाचं मनापासून करावंसं वाटतं पण श्रद्धाच बसत नाही, असं खूप जण बोलतात. माझं मत विचाराल तर श्रद्धा बसायची वाट बघत बसू नका, आधी नेम धरा. अगदी छोटा, हरिपाठातला रोज एक अभंग, पण वेळ आणि जागा ठरलेली पाहिजे. माउलींचा हरिपाठ 27-28 अभंगांचा, अर्ध्या तासात आरामात म्हणून होतो, तरी पहिल्याच दिवशी पूर्ण घेऊ नका कारण आठवड्यात दमायला होतं आणि एकदा सुटला की परत धरणं जड जातं. संध्याकाळी दिवा लावला की हातपाय धुऊन लगेच बसायचं, मोबाईल दुसऱ्या खोलीत. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी डबल करायला जाऊ नका.

आता आशेचं, खरा गोंधळ इथेच होतो. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोज देवाकडे "तिला बरं कर" एवढंच म्हणायचो, रिपोर्ट चांगला आला की माझी श्रद्धा घट्ट आणि वाईट आला की देवावर राग. एका रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसून खिशातली हरिपाठाची पुस्तिका काढली आणि काही न मागता म्हणायला लागलो, पहिले दोन-तीन अभंग तर आवाजच फुटत नव्हता. शेजारच्या बाकावर एक आजी होत्या, त्यांनी हळूच सूर धरला, त्यांना सगळा पाठ होता. रिपोर्ट सकाळीच येणार होता, तरी त्या रात्री मला झोप लागली.

तेव्हापासून मी असं करतो, मागणं असेल ते देवासमोर एकदाच स्पष्ट बोलायचं, अगदी रडू आलं तरी चालेल, आणि मग पाठाला लागायचं, मधेमधे तेच उगाळत बसायचं नाही. डॉक्टर, औषधं चालूच ठेवायची हे वेगळं सांगायला नको.

आशा म्हणजे काहीतरी मिळावं म्हणून वाट बघणं आणि आस म्हणजे नुसती देवाची ओढ, यातला फरक मला वारीत कळला. आळंदीहून पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, अठरा-वीस दिवस चालून माणसं पोचतात आणि आषाढीला दर्शनाची रांग इतकी लांब असते की कित्येक जण चंद्रभागेत स्नान करून, नामदेव पायरीला डोकं टेकवून, कळसाला हात जोडून घरी जातात. विठोबाची मूर्ती बघायलाच मिळाली नाही तरी चेहऱ्यावर नाराजी नसते हो, आणि पुढच्या वर्षी परत येतात!

घरी एकट्याने नेम टिकत नसेल तर जवळच्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळी हरिपाठ असतो का विचारा आणि जाऊन मागच्या ओळीत बसा, चाल येत नसली तरी चालतं, टाळ नसेल तर टाळी वाजवा, पुस्तिका शेजारचा कोणीतरी आपणहून पुढे करतोच.