आरओचा पंप बदलण्याआधी
आरओची टाकी भरायला फार वेळ लागू लागला की अनेकदा थेट पंपच बदलायचा सल्ला मिळतो. घाई करू नका. आधी बाहेरचा सेडिमेंट फिल्टर उघडून बघा. तो गाळाने तुंबला असेल तर पंपाला पाणीच पुरत नाही, मग तो घरघरतो, तापतो. त्यानंतर पंपाला वीज देणारा अडॅप्टर. बहुतेक घरगुती पंप २४ व्होल्ट डीसीवर चालतात. पंप चालू असताना मल्टिमीटरवर व्होल्टेज बरंच खाली आलं, तर आधी अडॅप्टर बदलून बघा.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर पंप हवाच. गच्चीवरची टाकी नळापासून १० मीटर उंच असली तरी दाब जेमतेम १ बार मिळतो, आणि आरओतल्या मेम्ब्रेनमधून, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्यातून, पाणी ढकलायला त्याच्या कितीतरी पट लागतो.