टक्का पाठ आहे, पण कशाचा?

एनआयएसएम या शेअर बाजार प्रशिक्षण संस्थेच्या मर्चंट बँकिंग परीक्षेत (सिरीज ९) गडबड होते ती आकडा विसरल्यामुळे कमी, टक्का कशावर काढायचा हे न पाहिल्यामुळे जास्त. म्हणून बाजार नियामक सेबीच्या २०१८च्या आयसीडीआर (शेअर विक्रीस आणण्याच्या) नियमावलीतली मर्यादा वहीत उतरवताना तिचा पायाही शेजारी लिहा.

आयपीओपूर्वी (शेअरच्या पहिल्या सार्वजनिक विक्रीपूर्वी) कंपनीचे ८ कोटी शेअर आहेत असे धरू. फ्रेश इश्यू (नवे शेअर) २ कोटी शेअरचा, ऑफर फॉर सेल (ओएफएस, जुन्या भागधारकांची विक्री) १ कोटी शेअरची, भाव १०० रुपये. प्रवर्तकांचे किमान योगदान २० टक्के, पण ते इश्यूनंतरच्या भांडवलाच्या. इश्यूनंतर शेअर होतात १० कोटी, ११ नव्हे. ओएफएसमध्ये जुनेच शेअर हात बदलतात. म्हणजे २ कोटी शेअर १८ महिने लॉक-इनमध्ये (विक्रीबंदीत) जातील. फ्रेश इश्यूचा मोठा भाग भांडवली खर्चासाठी असेल, तर ३ वर्षे. तारण ठेवलेले शेअर यात धरता येत नाहीत. प्रश्नात हे एका ओळीत दडवलेले असते.

आता हेच उदाहरण फायनान्सच्या अंगाने सोडवा. नफा ४० कोटी. ईपीएस (प्रति शेअर नफा) आधी ५ रुपये, इश्यूनंतर ४. म्हणजे १०० रुपयांना पी/ई (भाव भागिले ईपीएस) २० नव्हे, २५. कर्ज १५० कोटी, जुनी रोकड २० कोटी. इश्यूचा खर्च सोडला तर कंपनीत २०० कोटी येतात. ओएफएसचे १०० कोटी विकणाऱ्याच्या खिशात जातात. एंटरप्राइज व्हॅल्यू (सर्व शेअरची किंमत + कर्ज − रोकड) = १,००० + १५० − २२० = ९३० कोटी. पूर्ण ३०० कोटी रोकडीत धरणाऱ्याचे उत्तर ८३० येते, आणि पर्यायांत ८३० हमखास ठेवलेले असते. या पैशातून कर्ज फेडले तरी उत्तर ९३०च, कारण कर्ज आणि रोकड सारखीच घटतात.

आयपीओच्या पात्रतेत सरासरीवर भुलू नका. तीन वर्षांचा सरासरी ऑपरेटिंग नफा किमान १५ कोटी हवा आणि तिन्ही वर्षे नफाही हवा. ३० कोटी, २५ कोटी आणि १ कोटी तोटा: सरासरी १८, तरी नापास. मग दुसरा मार्ग बुक बिल्डिंगचा (बोली मागवून भाव ठरवण्याचा). त्यात नेट ऑफरचे किमान ७५ टक्के क्यूआयबींना (मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांना) द्यावे लागतात, नाहीतर सगळे पैसे परत. नेट ऑफर म्हणजे राखीव हिस्सा वजा करून उरलेली: १,००० कोटींच्या इश्यूत कर्मचाऱ्यांसाठी ५० कोटी राखीव असतील, तर ९५० चे ७५ टक्के, म्हणजे ७१२.५ कोटी.

प्राइस बँड (बोलीच्या भावाचा पट्टा) सोपा आहे. कॅप (वरचा भाव) फ्लोअरच्या (खालच्या भावाच्या) किमान १०५ आणि कमाल १२० टक्के.

टेकओव्हर (कंपनी ताब्यात घेण्याच्या) नियमांत (२०११) मतदान हक्क २५ टक्के किंवा त्याहून अधिक होत असतील, तर ओपन ऑफर (इतर भागधारकांचे शेअर घेण्याचा जाहीर प्रस्ताव) लागते. ती किमान २६ टक्क्यांची, टार्गेट कंपनीच्या एकूण शेअरवर. शिल्लक शेअरवर नव्हे. शेअर हातात येण्याची वाटही पाहायची नाही, खरेदीचा करार झाला की जबाबदारी सुरू. आधीच २५ टक्क्यांवर असलेल्याला आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण मोजायची ती एकूण खरेदी. ४ टक्के घेतले, २ विकले, पुन्हा २ घेतले: निव्वळ वाढ ४, तरी नियमाच्या हिशेबाने ६, आणि ओपन ऑफर लागू.