‘कर्मठ’ लिहिताना या चुका टाळा

एका शिक्षिकेच्या निरोप समारंभाचं मानपत्र माझ्याकडे तपासायला आलं होतं. दुसऱ्याच ओळीत ‘कर्मठ आणि विद्यार्थिप्रिय’ असं लिहिलेलं. मजकूर लिहिणाऱ्यांना फोन केला, तर ते म्हणाले, “अहो, सतत कामात असायच्या, म्हणजे कर्मठच ना?” हिंदीत हो. मराठीत मात्र त्या बाई सोवळंओवळं पाळणाऱ्या ठरतात. मी तिथे ‘कष्टाळू’ केलं.

हिंदी शब्द चुकीचा आहे, असं मात्र म्हणू नका. पाणिनीचं ‘कर्मणि घटोऽठच्’ हे सूत्र ‘कर्मठ’चा अर्थ कामात झटणारा असाच देतं. मराठीत ‘कर्म’ स्नानसंध्या, श्राद्धपक्ष, व्रतवैकल्यं यांच्याशी जोडलं गेलं आणि कर्मठ म्हणजे विधिनियम काटेकोर पाळणारा, असा अर्थ रुजला. त्याला टीकेचा सूरही चिकटला.

याहून मोठी चूक म्हणजे प्रत्येक भाविकाला कर्मठ म्हणणं. एकनाथांची आख्यायिका आठवा. रामेश्वराला घालायला काशीहून आणलेलं गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. नाथ स्वतः स्नानसंध्या, पूजाअर्चा करणारे होते, पण कर्मठ नव्हते. त्या क्षणी ज्याला गाढवाच्या तहानेपेक्षा राहिलेला अभिषेक मोठा वाटेल, तो कर्मठ. आषाढीला पायी पंढरपूरला जाणारी माउली भाविक आहे. तिला कर्मठ म्हणणं मला तरी सहन होत नाही.

उलट टोकाला, कर्मठ माणसाला ‘धर्मांध’ म्हणू नका. संध्या झाल्याशिवाय पाणी न पिणारे आजोबा कर्मठ. त्यांच्या नियमांचा काच त्यांना स्वतःला आणि फार तर घरातल्यांना. धर्मांधाचा रोख दुसऱ्या धर्माच्या माणसावर असतो. बातमीत हे दोन शब्द अदलाबदल झाले, तर एखाद्या निरुपद्रवी म्हाताऱ्यावर द्वेषाचा शिक्का बसतो.

‘कट्टर’ हा शब्द धर्मापुरता नाही: कट्टर विरोधक, कट्टर समर्थक. नुसतं ‘ते कट्टर आहेत’ लिहिलं, तर कशाबाबत ते कळत नाही. तेवढं सांगा.

‘कर्मट’ लिहू नका. शेवटी ठ आहे. स्त्रीलिंगी रूप वेगळं नाही, कर्मठ बाईच. नाम करताना मराठीत ‘कर्मठपणा’ सहज बसतं.

आणि कामसू माणसाचं कौतुक करायचं असेल, तर ‘कष्टाळू’, ‘कार्यतत्पर’, ‘झटून काम करणारा’ हे शब्द आहेतच.