शेवटी कुराणाची आयत चिकटवली म्हणजे मूल्यं आली? या चुका टाळा

इतिहास, साहित्य ‘इस्लामी मूल्यांसह’ शिकवायचं ठरवून बसवलेले पाठ मी बरीच वर्षं तपासतोय. चुका त्याच त्या.

सगळ्यात जास्त डोक्यात जाते ती न तपासलेली हदीस, म्हणजे पैगंबरांच्या नावावर सांगितलं जाणारं वचन. ‘ज्ञानासाठी चीनलाही जा.’ यात मीही तोंडावर आपटलोय. नवखा होतो, ही ओळ फळ्यावर ठळक लिहून तासभर रंगून बोललो. मागच्या बाकावरची मुलगी उठली, ‘सर, हिची सनद काय?’ म्हणजे ती कोणाकोणाकडून आली, ती साखळी काय. माझी बोलती बंद. घरी ग्रंथ काढले तर हदीसतज्ज्ञांनी ती ‘जईफ’ (कमकुवत) म्हटलेली, काहींनी चक्क बनावट. दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा लिहिली आणि खाली प्रश्न टाकले: कोणी सांगितली? कोणाकडून ऐकून? साखळी कुठे तुटते? साधनचिकित्सा मुलांना त्या दिवशी कळली. बातमी आली की आधी खातरजमा करा, हे कुराणातल्या सूरह हुजुरात या अध्यायाच्या सहाव्या आयतीत आहेच. तेव्हापासून ग्रंथ आणि क्रमांक हाताशी नसेल तर मी खडू उचलत नाही. ‘ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज (बंधनकारक) आहे’ ही हदीस इब्न माजाच्या संग्रहात २२४ क्रमांकावर आहे, ती घ्या. तिच्याही सनदीवर चर्चा झालीय, तीही मुलांपुढे ठेवा.

धडा जसाच्या तसा ठेवून शेवटी आयत डकवणं: नका करू. मुलं तेवढ्यात दप्तर भरतात.

‘अदब’ म्हणजे फक्त शिस्त आणि सलाम, असं समजणं. अरबीत साहित्यालाही अदबच म्हणतात.

महिन्याभरात सगळा अभ्यासक्रम ‘इस्लामी’ करून मागणारे भेटतात. मुस्लिम शिक्षणावरची मक्केची परिषद १९७७ची. तेव्हापासून मोठमोठे विद्वान यावर वाद घालतायत. तुम्ही एक धडा धड करा.

आणि ‘सगळे शोध आमचेच’ हा सूर. अभिमानाला हरकत नाही, पण मग इतिहासकार इब्न खल्दूनचं नुसतं नाव घेऊन पुढे पळू नका. १३७७च्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात तो मसऊदीसारख्या नावाजलेल्या इतिहासकारालाच धरतो. मसऊदी म्हणतो, मूसा पैगंबरांच्या सैन्यात सहा लाखांवर माणसं. खरंच? एवढी फौज लढायला उभी राहिली तर एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळणार कसं? मी हा उतारा वाचून दाखवतो, कागद वाटतो आणि सांगतो, रांग किती लांब होईल ते काढा. पाच मिनिटांत वर्गात भांडण लागतं. मी मध्ये पडत नाही.