स्वराजद्वीपवर एकट्याचं पाणी: पन्हाळीचा पहिला लोट टाकीबाहेर

अंदमानात पाऊस भरपूर, पण जानेवारी ते एप्रिल कोरडे. पिणं-स्वयंपाक धरून एका माणसाला रोज ५ लिटर, म्हणजे १२० दिवसांचे ६०० लिटर. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला १००० लिटरची काळी टाकी पुरते. पारदर्शक नको, शेवाळ धरतं.

पाण्याला वास येण्याचं कारण छपराच्या पत्र्यावरची पक्ष्यांची विष्ठा आणि पाला. २० चौरस मीटर पत्र्याला टाकीआधी ४ इंची पीव्हीसी पाइप २ मीटर उभा जोडला. पहिले १६ लिटर त्यात अडकतात, नंतरचं टाकीत. खालच्या टोपणाला ३ मिलिमीटरचं भोक हवंच, नाहीतर पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या सरीची घाण थेट टाकीत. हे भोक पाल्याने सारखं बुजतं. आठवड्याला तारेने मोकळं करा. ओव्हरफ्लोला डासांची जाळी. पिण्याचं पाणी तरीही उकळूनच.