बॉसपुढं सारखे मरताय? या चुका टाळा

भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला आला की पहिल्या दोन दिवसांत एक वाक्य ठरलेलं असतं: "मामा, हा बॉस फसवायलाय." बॉस म्हणजे व्हिडिओ गेममधला मोठा, दांडगा शत्रू. अरे, तो कशाला फसवील? तू बटन दाबेपर्यंत तो बिचारा मुकाट उभा असतो. टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीनं खेळायच्या गेममध्ये घाईला काही कारणच नाही, तरी पोरं 'अटॅक, अटॅक, अटॅक' दाबत सुटतात, जणू स्टँडवरनं शेवटची एसटी निघायली. पंधरा वर्षं त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

एकट्यालाच पोसणं

भाच्याच्या पोकेमॉन फायररेड गेममध्ये (पोकेमॉन म्हणजे आपण पाळून लढवायचे प्राणी) चारिझार्ड साठीच्या लेव्हलला आणि बाकीचे पाच जण पंधरा-वीसला. म्हणजे एक पैलवान आणि पाच जण त्याचे कपडे धरायला. जिममध्ये, म्हणजे गावोगावच्या उस्तादांपुढं, हे खपून जातं. एलिट फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार उस्तादांपुढं, मात्र एकामागून एक लढाया असतात, मध्ये पोकेमॉन सेंटर (त्यांचा दवाखाना) नाही, पिशवीत जेवढं औषध असेल तेवढंच. त्यात पहिलीच लोरेलाय, तिच्याकडं पाण्याचे आणि बर्फाचे पोकेमॉन. चारिझार्ड फायर आणि फ्लाइंग, त्याला पाण्याचा वार दुप्पट लागतो. पुढं ब्रूनोकडं ऑनिक्स आहे आणि रॉकचा वार तर चारिझार्डला चौपट.

यावर भाच्याचा उपाय काय? "अजून दहा लेव्हल वाढवून येतो." पाणीवाल्यांना भारी पडणारा एक बरा इलेक्ट्रिक पोकेमॉन वाढवला असता तर जे काम भागलं असतं, त्यासाठी हा दोन दिवस गवतात फिरला. लेव्हल वाढवून बॉस मरतो, नाही असं नाही. पण ते पेपर फुटल्यावर पास होण्यासारखं झालं. माझी सवय अशी की पार्टीतला (आपल्या टोळीतला) सगळ्यात कच्चा गडी सगळ्यात पक्क्या गड्यापेक्षा पाच लेव्हलच्या वर मागं पडू द्यायचा नाही.

मरायला टेकल्यावर हील करणं

एचपी (गड्याची उरलेली ताकद) अर्ध्याखाली गेला की हील, म्हणजे औषधपाणी. "अजून एक वार मारतो, मग बघू" म्हणणाऱ्यांचीच पार्टी आडवी होते.

दिसला रोग की दिलं औषध

ही माझी दुखरी नस आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंजिनिअरिंगच्या सुट्टीत पुण्याच्या चुलतभावानं त्याचा जुना प्लेस्टेशन टू मला दिला. त्यावर फायनल फँटसी टेन, २००१ चा गेम. झानारकँडला युनालेस्का नावाची बॉस आहे. तिची तीन रूपं: २४ हजार, ४८ हजार आणि ६० हजार एचपी. दुसऱ्या रूपात ती 'हेलबायटर' टाकते आणि सगळ्यांना झोंबी करते. झोंबी झालेल्याचा सगळा कारभार उलटा. औषध दिलं की एचपी घटतो, जिवंत करायचं फीनिक्स डाउन टाकलं की माणूस जागेवर गार. मग शहाण्यासारखं मी होली वॉटर काढून तिघांनाही बरं करत होतो. तिसरं रूप आलं, तिनं 'मेगा डेथ' टाकलं आणि तिघेही एका फटक्यात संपले. बाहेर चार जण धडधाकट बसलेले, पण या गेममध्ये मैदानातले तिघे पडले की कारभार आटोपला.

आणि लढाईच्या आधी एक लांबलचक सीन, जो वगळता येत नाही. चहा ठेवावा, उकळावा, गाळावा, प्यावा, तरी ते बोलतच असतात. तीनदा हरलो, तीनदा तो सीन बघितला. चौथ्यांदा पुन्हा तिसऱ्या रूपापर्यंत गेलो आणि लाईट गेली. ते भारनियमनाचे दिवस, घरात इन्व्हर्टर नाही. आई आतून म्हणाली, "बरं झालं. जरा अंगणात बस, डोळे फुटायलेत तुझे."

अंगणात बसून डास मारताना आठवलं. दुसऱ्या खेपेला होली वॉटर कमी पडलं होतं म्हणून माझ्या पार्टीतला ऑरॉन झोंबीच राहिला होता. मेगा डेथनंतर बाकीचे दोघे पडले, पण तो उभा होता! मी तेव्हा त्याला शिव्या घालत लगेच बरा केला आणि पुढच्या मेगा डेथला तोही गेला. म्हणजे मेगा डेथ झोंबीला लागतच नव्हतं. जिनं रोग दिला तिनंच त्या रोगात वाचायची सोय ठेवली होती आणि मी पदरचं औषध खर्चून ती मोडत होतो.

लाईट आल्यावर ऑरॉनला झोंबीच ठेवला. त्याचा एचपी मुळातच दांडगा, त्याला घडीघडी हील लागत नाही. बाकीचे पडले की त्यानं फीनिक्स डाउन टाकून उठवायचे. त्या रात्री जिंकलो.

भाचा म्हणतो, "यूट्यूबवर दोन मिनिटांत कळलं असतं." कळलं असतं. पुढच्या बॉसला मग पुन्हा यूट्यूब.

बफ-डीबफला फालतू समजणं

बफ म्हणजे आपल्या गड्यांची ताकद वाढवणं, डीबफ म्हणजे समोरच्याची कमी करणं. 'यानं डॅमेज होत नाही' म्हणून नवी पोरं या चाली शिकतच नाहीत. त्यांना मी शिन मेगामी टेन्सेई थ्रीच्या मॅटाडोरकडं पाठवतो. बैलांशी झुंजणारा सांगाडा, गेमच्या सुरुवातीलाच भेटतो. तो 'रेड कापोटे' टाकून स्वतःची चपळाई एकदम वर नेतो. या गेममध्ये तुमचे चार गडी असतील तर चार टर्न मिळतात, आणि वार हुकला की एक नाही, दोन टर्न जातात. दोन वार हुकले, तुमची पाळी संपली! समोरच्याच्या कमजोरीवर वार बसला तर मात्र अर्धाच टर्न खर्च होतो, आणि हा नियम त्यालाही लागू. फोर्स नावाच्या वाराला कमजोर गडी घेऊन गेलात तर तो 'माझान' हा फोर्सचा वार टाकून तुमच्याच जिवावर जादा टर्न कमावतो.

उपाय कंटाळवाणा आहे. फॉग ब्रेथ टाकून त्याची चपळाई खाली आणा, फोर्सला कच्चे गडी घरी ठेवा, नायकाला हिफुमी मागातामा (ताकद देणारी वस्तू) घाला, मग फोर्स त्याला लागत नाही. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत एकही वार करू नका. हे सांगितलं की पोरांचं तोंड एरंडेल पाजल्यासारखं होतं.

मी कुठल्याही बॉसची पहिली लढाई हरायचीच असं धरून जातो. शेजारी वही, तो कितव्या टर्नला काय करतो ते लिहायचं. बायको हसते.

जपून ठेवणं

यावर मी कुणाला काय बोलणार, आम्ही लातूरकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या घरात बादल्या, घागरी, पातेली, झालंच तर कुकरसुद्धा भरलेला होता. ती सवय गेममध्येही जात नाही. फायनल फँटसी संपला तेव्हा माझ्याकडं सगळे मेगालिक्सर (सगळ्यात भारी औषध) तसेच पडून होते, एकही फोडला नव्हता. बाल्डर्स गेट थ्रीमध्ये स्क्रोलांचं (एकदाच वापरायच्या मंत्राच्या कागदांचं) बोचकं घेऊन हिंडत होतो. तिथं तर स्क्रोल कुठल्याही क्लासच्या, म्हणजे प्रकारच्या, गड्याला वापरता येतो. आता नियम केलाय: बॉससमोर एकदा हरलो की पुढच्या खेपेला पिशवीतली सगळ्यात महागाची वस्तू पहिल्या पाच टर्नमध्ये काढायची. हात थरथरतो, पण काढायची.

राहिलेलं

हीलर एकच ठेवला की बॉस नेमका त्यालाच झोपवतो. दुसऱ्या कुणाला तरी एक हीलची चाल शिकवून ठेवा. स्पीड सगळ्यात कमी असलेल्याला हीलर करू नका. आणि सेव्ह किमान तीन स्लॉटमध्ये. भाच्यानं परवा बॉसच्या दारात, एक औषध उरलेलं असताना, एकुलत्या एका स्लॉटवर सेव्ह केलंय. कालपासून मामाला फोन चालू आहेत.